एक्सल बदलला, मग हँडब्रेकचं काय?

गाडी आणि गॅरेज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार काका. मी मंगळवेढ्याचा. माझ्याकडे २००९ सालचा छोटा ट्रक आहे, मालासकट साडेचार टनांच्या आसपास भरतो. ज्वारीची पोती, कडबा, हंगामात डाळिंबाचे क्रेट असा माल असतो. दिवाळीच्या आधी मागचा क्राउन-पिनियन (इंजिनचा जोर चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी) फुटला आणि हाउसिंगलाही चीर गेली. त्याच मॉडेलचा एक्सल कुठं मिळेना, म्हणून सोलापुरातून जुन्या मालात दुसऱ्या मॉडेलचा, जरा दणकट एक्सल घेतला. पाट्यांची (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांची) बैठक बदलून तो बसवला, प्रॉपेलर शाफ्टही (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतचा फिरता दांडा) जुळवून घेतला. पायाचा ब्रेक चांगला लागतो. हँडब्रेकचं मात्र जमेना. जुन्या केबलचं टोक नव्या ड्रमच्या लिव्हरला बसत नाही आणि डावीकडची केबल चार बोटं कमी पडते. मिस्त्री म्हणतो, केबल कापून मधे तुकडा घालू आणि क्लॅम्प मारू. नाहीतर हँडब्रेक सोडूनच द्या, गाडी गिअरमध्ये लावा आणि चाकाखाली दगड ठेवा. दोन महिन्यांनी पासिंग आहे. काय करावं?

उत्तर : क्लॅम्प मारू नका आणि हँडब्रेक सोडूही नका. दोन्ही गोष्टी मी जवळून पाहिल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

होटगी रोडला मी नवीन गॅरेज टाकलं तेव्हाची गोष्ट. कांद्याचा हंगाम होता आणि एका टेंपोची हँडब्रेकची केबल तुटली होती. गिऱ्हाईक घाईत, रात्रीच्या आत गाडी मार्केटात लागायची होती. मी तुटलेली दोन टोकं एकावर एक घेतली, दोन क्लॅम्प आवळले, लिव्हर ओढून बघितला. कडक लागला. गाडी दिली. दुसऱ्या दिवशी थोड्याशा चढावर गाडी उभी करून हमाल पोती चढवत होते. गाडी रिकामी होती तोवर जागची हलली नाही. निम्मा माल चढल्यावर क्लॅम्पमधून तार सरकली, गाडी मागे गेली आणि एका हमालाचा पाय फळीच्या आणि चाकाच्या मधे आला. माणूस वाचला, पण चाल कायमची बिघडली. ते काम माझ्या हातचं होतं. त्या दिवसापासून माझ्या गॅरेजात हँडब्रेकच्या केबलला क्लॅम्प लागलेला नाही.

क्लॅम्प का सरकतो, तर केबलची तार कडक आणि गुळगुळीत असते आणि ओढ प्रत्येक वेळी पूर्ण जोरानं येते. गाठ मारली तर गाठीतली तार मोडते. गॅसनं किंवा वेल्डिंगनं जोडली तर उष्णतेनं तारेचा कडकपणा जातो आणि जोडाच्या शेजारीच ती तुटते. केबल अखंडच हवी आणि तिची टोकं मशीनवर दाबून बसवलेलीच हवीत.

आता गिअरचं. गिअर प्रॉपेलर शाफ्टला धरतो, चाकांना धरत नाही. पंक्चर काढायला मागचं एक चाक जॅकवर घेतलंत की हाउसिंगमधले छोटे गिअर त्या मोकळ्या चाकाला उलटं फिरू देतात आणि जमिनीवरचं चाक तेवढंच सुलटं फिरतं. गाडी गिअरमध्ये असूनही जॅकवरून घसरते. शिवाय इंजिन गाडी धरतं ते कॉम्प्रेशनच्या जोरावर, आणि ते हळूहळू झिरपत जातं. रात्रभर एकेक इंच पुढे सरकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. दगड जरूर ठेवा, पण हँडब्रेकच्या जोडीला.

तुमच्या गाडीत नेमकं अडलंय कुठं ते सांगतो. केबलची लांबी हा त्यातला सोपा भाग. खरा प्रश्न लिव्हरच्या मापांचा आहे, आणि नव्वद टक्के मिस्त्री तिथं बघतच नाहीत.

एका गाडीवर मी घेतलेली मापं देतो. हाताच्या लिव्हरची मूठ खिळीपासून (लिव्हर जिच्यावर फिरतो ती पिन) ३६० मिलिमीटरवर, केबलची पिन खिळीपासून ४५ मिलिमीटरवर. म्हणजे हाताचा जोर आठपट होतो. ४० किलोच्या जोरानं ओढलं की पुढच्या केबलवर ३२० किलो येतात. इक्वलायझर, म्हणजे पुढच्या केबलला मागच्या दोन केबल जोडणारी आडवी पट्टी, ते दोन चाकांत वाटतो, प्रत्येकी १६०. ड्रमच्या आतला लिव्हर ७५ मिलिमीटरचा आणि शू (ड्रमला आतून दाबून चाक धरणारे अर्धगोल तुकडे) ढकलणारी पट्टी त्याच्या खिळीपासून १५ मिलिमीटरवर, म्हणजे पुन्हा पाचपट, ८०० किलो. घर्षणात काही जातात, पण हिशोब असा चालतो. जोर जसा वाढतो तशी चाल घटते. मूठ २४० मिलिमीटर सरकली तर केबल ३० सरकते आणि शूपाशी फक्त ६ मिलिमीटर पोचतात. त्या ६ मध्येच केबलचा ताण, पिनांचा ढिलेपणा आणि शू ते ड्रम हे अंतर, सगळं बसवायचं असतं.

आता समजा दुसऱ्या एक्सलच्या ड्रममधला लिव्हर ९५ मिलिमीटरचा आहे. शूपाशी तेच ६ मिलिमीटर द्यायला केबल ३८ सरकायला हवी. तुमचा हाताचा लिव्हर देतो ३०. मूठ वरपर्यंत येते, खटके (लिव्हर ओढताना टक-टक वाजतात ते दाते) संपतात आणि शू ड्रमला नुसते टेकलेले राहतात. उलट नवा लिव्हर ६० चा निघाला, तर तीन-चार खटक्यांत मूठ दगडासारखी कडक लागते. गिऱ्हाईक खूश होतं, मिस्त्रीही खूश होतो. पण जोर पाचपटीचा चौपट झालेला असतो, ८०० चे ६४० किलो. हाताला कडक लागला म्हणजे ब्रेक ताकदीचा झाला, असं नाही. ही चूक फार होते आणि ती कळते ती भरलेली गाडी चढावर उभी केल्यावरच.

म्हणून आधी मोजा. दोन्ही मागची चाकं स्टँडवर घ्या, पुढच्या चाकांना लाकडी गुटके लावा. ड्रमच्या मागून बाहेर आलेलं लिव्हरचं टोक हातानं ओढा आणि मोकळ्या जागेपासून चाक पूर्ण अडेपर्यंत ते किती मिलिमीटर सरकतं, ते पट्टीनं मोजून लिहा. डावं-उजवं वेगळं मोजा. मग कोणाला तरी हँडब्रेक ओढायला सांगून पुढच्या केबलचं टोक किती सरकतं ते बघा. दोन आकडे जवळपास जुळले आणि हाताच्या लिव्हरमध्ये तीन-चार खटके शिल्लक राहिले, तर लिव्हरला हात लावायची गरज नाही, फक्त केबलचं काम उरतं. जुळले नाहीत तर चेसिसवरच्या मधल्या लिव्हरमध्ये, म्हणजे पुढच्या केबलची ओढ मागच्या केबलकडे देणाऱ्या लिव्हरमध्ये, फरक काढायचा. वरच्या उदाहरणात मधल्या लिव्हरचे दोन्ही हात ६० मिलिमीटरचे असतील, तर मागच्या केबलकडचा हात ७६ चा करायचा. चाल ३० ची ३८ होते. तिथं जो जोर कमी होतो तो ड्रममधला लांब लिव्हर भरून काढतो, हिशोब बरोबर फिटतो. हा लिव्हर जाड पट्टीतून लेथवाल्याकडून भोकांसह करून घ्या, त्यात बुश बसवा आणि पिनेला कॉटर पिन घाला. जुन्याला तुकडा वेल्ड करून लांबवू नका.

आता केबल. ज्याच्याकडून एक्सल घेतलात त्याच्याकडे परत जा आणि त्याच मॉडेलच्या मागच्या दोन्ही केबल मागा. मिळाल्या नाहीत तर दुकानातून त्या मॉडेलच्या नव्या घ्या. डाव्या-उजव्याची लांबी बऱ्याचदा वेगळी असते, ती अदलाबदल करू नका. ड्रमच्या बाजूला त्या आपोआप बसतील, कारण त्या त्याच एक्सलच्या आहेत. पुढच्या बाजूला केबलची बाहेरची नळी जिथं संपते तिथं चेसिसवर ब्रॅकेट करा आणि एक्सलपासून ब्रॅकेटचं अंतर तो एक्सल ज्या मॉडेलचा आहे त्या गाडीत असतं तेवढंच ठेवा. तिथून पुढं इक्वलायझर आणि तुमची जुनी पुढची केबल. मग सगळा बदल त्या एका ब्रॅकेटपुरता राहतो. चार वर्षांनी पंढरपूरच्या रस्त्यावर केबल तुटली तर दुकानात मॉडेलचं नाव सांगून नवी मिळेल. खास बनवून घेतलेली केबल वाईट नसते, पण ती तुटते तेव्हा बनवणारा जवळ नसतो.

ब्रॅकेट ६ मिलिमीटर पत्र्याचं करा. ते चेसिसच्या उभ्या बाजूला बोल्टनं लावा. चेसिसच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला भोक पाडू नका, तिथं सगळ्यात जास्त ताण असतो. बाहेरची नळी दोन्ही टोकांना घट्ट बसली पाहिजे, एक ड्रमच्या पाठीच्या प्लेटवर आणि एक या ब्रॅकेटवर. आतली तार ओढली जाते तेव्हा तेवढाच उलटा दाब ही नळी घेत असते. तिचं एक टोक मोकळं राहिलं तर ओढल्यावर नळी नुसती सरळ होते आणि ब्रेक लागतच नाही.

नळीला थोडा झोल ठेवा. माल भरल्यावर पाटे सपाट होतात, त्यांची लांबी वाढते आणि एक्सल खाली-वर होताना जरा मागेही सरकतो. नळी ताणून बसवली असेल तर भरलेल्या गाडीत ब्रेक आपोआप घासायला लागतो, लायनर (शूवरचा घासणारा थर) जळल्याचा वास येतो. वळण मोठं ठेवा, घरातल्या भाकरीच्या तव्याच्या गोलाईपेक्षा आवळ नको. सायलेन्सरपासून हातभर दूर, आणि फिरत्या प्रॉपेलर शाफ्टला कुठंही शिवणार नाही असं बांधा.

जुळवणीचा क्रम उलटा करू नका. आधी ड्रमच्या आतले शू जुळवा, म्हणजे चाक फिरवताना हलकीशी घसर ऐकू येईल इतके. मग केबल. केबल जोडताना आतला लिव्हर मागे आपल्या जागी पूर्ण टेकलेला असायला हवा. शू झिजलेत म्हणून केबल आवळत गेलात तर लिव्हर अर्धा ओढलेलाच राहतो, चाल संपते, आणि ज्या ड्रममध्ये आपोआप जुळणारा अ‍ॅडजस्टर असतो तोही काम करणं थांबवतो. नंतर हँडब्रेक एकेक खटका ओढत दोन्ही चाकं हातानं फिरवून बघा. दोन्ही एकाच खटक्याला जड व्हायला लागली पाहिजेत. एक आधी अडलं तर इक्वलायझर गंजून एका बाजूला अडकलाय, किंवा एका केबलमध्ये घाण आहे.

जुन्या मालातला एक्सल म्हणून ड्रम एकदा उघडाच. एक्सलची ऑइल सील गळत असेल तर लायनर तेलानं भिजलेले असतात, आणि भिजलेला लायनर धुऊन-पुसून पुन्हा पकड देत नाही. सील नवी घाला, लायनर नवे घाला.

शेवटी परीक्षा. संयुक्त राष्ट्रांच्या १३ क्रमांकाच्या ब्रेक-नियमात पार्किंग ब्रेकची कसोटी अशी आहे : भरलेलं वाहन १८ टक्के चढावर आणि उतारावर, दोन्हीकडे, जागेवर उभं राहिलं पाहिजे आणि मालगाडीत त्यासाठी हाताचा जोर ६०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण ६० किलोपेक्षा, जास्त लागता कामा नये. १८ टक्के म्हणजे एक मीटर पुढे गेल्यावर १८ सेंटिमीटर चढ. तुमच्या साडेचार टनांच्या गाडीला तिथं सुमारे ८०० किलोंचा खेच असतो. आपला सोलापूर भाग सपाट, त्यामुळे असा चढ शोधावा लागतो. माल चढवायचे काँक्रीटचे उतार असतात, त्यातला एक लेव्हल-बाटली आणि पट्टी घेऊन मोजून ठेवा. तुळजापूरच्या घाटात चालत्या रस्त्यावर हा प्रयोग करू नका. गाडीत वाळूची पोती भरून पूर्ण वजन करा, चाकांपासून वीतभर अंतरावर लाकडी गुटके ठेवा, ड्रायव्हर जागेवर बसलेला आणि पाय ब्रेकच्या वर. गाडीच्या मागे-पुढे कोणीही नको. आधी तोंड वर करून, मग तोंड खाली करून बघा. ड्रमचे शू दोन दिशांना सारखे धरत नाहीत, म्हणून एका बाजूनं पास झाली म्हणून थांबू नका.

पायाचा ब्रेक चांगला लागतो असं लिहिलंय, तरी एक तपासा. दणकट एक्सलचे व्हील सिलिंडर मोठे असतील तर रिकाम्या गाडीत, ओल्या रस्त्यावर, मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी आडवी होते. मोकळ्या मैदानात कमी वेगानं बघा. वजनानुसार मागचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह एक्सलला दांडीनं जोडलेला असतो. तुमच्या गाडीत तो असेल तर त्याची दांडीही नव्यानं जुळवावी लागेल.

पासिंगचं स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीनं दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला स्वतःच्या मनानं करता येत नाही. दुसऱ्या मॉडेलचा एक्सल हा लपवायचा बदल नव्हे. पासिंगच्या दिवशी नव्हे, त्याच्या आधीच आरटीओ कार्यालयात जा, एक्सलचं बिल आणि जुन्या तुटलेल्या हाउसिंगचे फोटो दाखवा आणि काय लागेल ते विचारून घ्या. ब्रेक केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या ९६ व्या नियमात येतात, तिथं हँडब्रेक नसलेली गाडी बसत नाही. आणि एक्सल दणकट झाला म्हणून एक पोतंही जास्त भरू नका. चेसिस, पुढचे ब्रेक आणि टायर जुनेच आहेत.

प्रश्न : मी अकलूजचा. उसाचा ट्रक आहे, हवेचे ब्रेक. मागचा एक्सल बदलला आणि जुनेच स्प्रिंगचे ब्रेक चेंबर त्यावर चढवले. आता हँडब्रेकचा व्हॉल्व्ह सोडला तरी डावं चाक गरम होतं. मिस्त्री चेंबर उघडून स्प्रिंग बघू म्हणतो.

उत्तर : आधी त्याला थांबवा. मग पुढचं वाचा.

हवेच्या गाडीत हँडब्रेक हवेनं लागत नाही, स्प्रिंगनं लागतो. हवा त्या स्प्रिंगला मागे दाबून ठेवते, एवढंच. चेंबरच्या, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या डब्याच्या, मागच्या भागात ती स्प्रिंग शेकडो किलोंच्या जोरानं दाबून बसवलेली असते. चेंबरभोवतीचा पट्टा सैल केला की झाकण तोफेच्या गोळ्यासारखं सुटतं. माणसं गेली आहेत यात. मागचा भाग खराब असेल तर अख्खा चेंबर बदलतात, तो उघडत नाहीत. आणि गाडीवरून काढण्याआधी चेंबरसोबत मिळणारा लांब बोल्ट आत घालून, फिरवून, स्प्रिंग आवळून बंद करतात.

तुमचं दुखणं बहुतेक स्प्रिंगमध्ये नाहीच. दोन एक्सलवर चेंबरचं ब्रॅकेट कॅमपासून (फिरून शू फाकवणारा भाग) वेगवेगळ्या अंतरावर असतं. जुना चेंबर नव्या ब्रॅकेटवर बसवला की पुशरॉड (चेंबरमधून बाहेर येणारा दांडा) लांब पडतो आणि मोकळ्या अवस्थेतही स्लॅक अ‍ॅडजस्टरला (कॅम फिरवणारा हात) ढकलून धरतो. हवा पूर्ण भरा, हँडब्रेक सोडा आणि पिन काढून बघा. पुशरॉड पूर्ण आत जातो का? आत गेल्यावर पिनेचं भोक स्लॅक अ‍ॅडजस्टरच्या भोकासमोर येतं का? येत नसेल तर पुशरॉडची लांबी जुळवा. ब्रेक लागलेल्या अवस्थेत पुशरॉड आणि स्लॅक अ‍ॅडजस्टरचा हात यांच्यात काटकोन यायला हवा. डाव्या-उजव्याच्या हाताची लांबी, म्हणजे कॅमच्या मध्यापासून पिनेपर्यंतचं अंतर, अगदी सारखं हवं. एका बाजूला जुन्या एक्सलचा आणि दुसऱ्या बाजूला नव्याचा स्लॅक अ‍ॅडजस्टर लागलेला मी दोनदा पाहिला आहे.

पुशरॉड पूर्ण आत जात नसेल तर त्या बाजूला हवा पोचत नाही. स्प्रिंगच्या कप्प्याचा आणि पायाच्या ब्रेकचा पाइप अदलाबदल झालाय का ते बघा, मग साबणाचं पाणी लावून गळती बघा. पुशरॉडही ठीक, हवाही ठीक, तरी चाक गरम, असं असेल तर कॅम शाफ्ट बुशमध्ये अडकतोय. भंगारात पडून राहिलेल्या एक्सलला हे ठरलेलंच.

चाक गरम होतं म्हणून स्लॅक खूप सैल करून देऊ नका. स्प्रिंग जितकी जास्त लांब सुटते तितका तिचा जोर कमी होतो. ३० नंबरच्या साध्या चेंबरचा पूर्ण स्ट्रोक अडीच इंच असतो. पुशरॉड दोन इंचांच्या पुढं जायला लागला की हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही दुबळे होतात. कारखान्याच्या गेटावर उसानं भरलेल्या गाड्यांच्या रांगेत उभं असताना हा अर्धा इंच महागात पडतो. तो स्प्रिंग आवळायचा बोल्ट काम झाल्यावर सोडवून जागेवर ठेवायलाही विसरू नका. तो आवळलेलाच राहिला तर त्या चाकाला हँडब्रेक नाही.

प्रश्न : बार्शीहून लिहितोय. पावसाळ्यात रात्री हँडब्रेक लावला की सकाळी सुटत नाही. गाडी झटका देऊन निघते. केबलमध्ये तेल सोडलं, चार दिवस बरं वाटलं.

उत्तर : केबलची बाहेरची नळी कुठंतरी चिरली आहे. तिथून पाणी आत जातं आणि तार गंजते. बहुतेक वेळा चीर ड्रमजवळच्या वळणात, रबरी टोपीखाली सापडते. तेलानं गंज जात नाही. केबल बदला आणि दोन्ही बाजूंची एकदम बदला, कारण नवी सहज सुटते, जुनी अडते आणि इक्वलायझर वाकडा होतो.

आणखी एक पाहा. घाट उतरून किंवा जास्त ब्रेक मारून आल्यावर लगेच हँडब्रेक करकचून ओढता का? तापलेला ड्रम फुगलेला असतो. थंड होताना तो आकसतो आणि शूंना आवळून धरतो. अशा वेळी सपाट जागेवर गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाच्या दोन्ही बाजूंना गुटके लावा, आणि अर्ध्या तासानं ड्रम निवला की हँडब्रेक ओढा. सकाळी झटका देऊन सोडवणं बंद करा. त्या झटक्यात लायनरचं रिव्हेट निघतं. ड्रमच्या पाठीवर लाकडाच्या हातोडीनं दोन ठोके दिले की तो सुटतो.